डिजिटल लेव्हल घ्यावी का?

फळ्या आणि किचनची कपाटं लावण्यापुरतंच काम असेल, तर कल किती आहे ते पडद्यावर आकड्यात दाखवणारी ही लेव्हल एवढ्यात घेऊ नकोस. बुडबुड्याची चांगली लेव्हल मीटरला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक असते. बऱ्याच स्वस्त डिजिटल लेव्हल ०.१ अंशापर्यंतच दाखवतात, म्हणजे मीटरला जवळपास पावणेदोन मिलिमीटर! पडद्यावर आकडा दिसतो म्हणून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस.

उतार काढायचा असेल तिथे मात्र तिला तोड नाही. बाथरूमच्या लाद्यांना मीटरमागे एक सेंटीमीटर ढाळ द्यायचाय, तर आकडा ०.६ अंशाच्या आसपास हवा. नुसत्या बुडबुड्यावरून हे नेमकं सांगणं कठीण. अशी कामं नेहमी मिळायला लागली की जरूर घे.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलास तर दुकानातच तपासून घे. काउंटरवर ठेव, कडेला पेन्सिलने खूण कर, आकडा बघ. मग टोकं फिरवून त्याच खुणेवर ठेव. आकडा तोच आणि कल उलट दिशेला दिसायला हवा. तसं दिसलं नाही तर दुकानदाराला तिथेच कॅलिब्रेट करून (आकडा बरोबर येईल असं जुळवून) दाखवायला सांग. आणि वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेव, विशेषतः पावसाळ्यात. इथल्या दमट हवेत सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना लगेच गंज धरतो.