लग्नसराईच्या कमाईतून कॅशिंगसाठी एसएसडी घ्यावेत का?

भाऊ, तुमचे पत्र मिळाले. दारव्हा तालुक्यातल्या गावात तुमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, घरी चार हार्ड डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवणारी पेटी) आहे आणि एडिटिंगला फाइली हळू उघडतात. अमरावतीच्या दुकानदाराने कॅशिंगसाठी, म्हणजे नेहमी लागणाऱ्या फाइलींची प्रत वेगवान जागी ठेवण्यासाठी, 1 टीबीचे दोन एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कहून खूप वेगवान साठवण) सुचवलेत : 24,000 रुपये, क्रेडिट कार्डावर 12 हप्ते. माझे मत स्पष्ट आहे. आत्ता घेऊ नका.

कारण तुमच्याच पत्रात आहे. नॅस आणि राउटर दोन्ही 1 गिगाबिटचे. त्या वायरमधून सेकंदाला साधारण 110 एमबी जातात आणि लग्नाच्या व्हिडिओसारखी सलग मोठी फाइल असेल, तर एवढा वेग एकटी चांगली हार्ड डिस्कही देते. 64 जीबीचे भरलेले कार्ड नॅसवर चढवायला आज 10 मिनिटे लागतात, एसएसडी बसवल्यावरही तेवढीच लागतील. कॅशिंगचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या हजारो छोट्या फाइलींना होतो, तेही दोन-तीन जण एकाच वेळी काम करत असतील तर. तुम्ही एकटे एडिट करता.

दोन एसएसडी सांगितले, म्हणजे दुकानदाराच्या मनात लिहिण्याचेही कॅशिंग आहे. इथे मला तुमची जास्त काळजी वाटते. डिस्कवर उतरायच्या आधी डेटा काही वेळ फक्त एसएसडीत असतो. साध्या एसएसडीत अचानक वीज गेल्यावर तो डेटा सांभाळणारी सोय नसते, आणि तुमच्याकडे यूपीएस नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. एखाद्याच्या लग्नाचे शूटिंग गेले, तर ते पुन्हा कुठून आणणार?

म्हणून पैसे या क्रमाने लावा. आधी नॅसला यूपीएस. मग एक बाहेरची हार्ड डिस्क, बॅकअपसाठी, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. चार डिस्कचे रेड (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून केलेली डिस्कची जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट झालेली फाइल रेड परत देत नाही. वेग हवाच असेल तर एडिटिंगच्या कॉम्प्युटरमध्येच एक एसएसडी घाला, चालू काम त्यावर करा, संपले की नॅसवर टाका. नेटवर्कची अडचण तिथेच संपते.

हप्त्यांचेही बघा. तुमची कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढात आटते, हप्ता मात्र चातुर्मासातही दर महिन्याला येतो. ‘नो कॉस्ट’ म्हटले तरी व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी लागते. जमेल तेवढे रोखीत घ्या, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय यातले काहीच घेऊ नका.

पुढे मदतनीस ठेवलात आणि कॅशिंगची गरज पडलीच, तर फक्त वाचण्यासाठी एकच एसएसडी लावा. तो बिघडला तरी मूळ डेटा डिस्कवर शाबूत राहतो. घेताना टीबीडब्ल्यूचा, म्हणजे एसएसडीवर एकूण किती टीबी लिहिता येईल त्याचा आकडा बघा. 1 टीबीच्या क्रुशल पी3ला तो 220 आहे, डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड एसएन700’ मॉडेलला 2000. कॅशिंगमध्ये एसएसडीवर सतत लिहिले जाते, त्यामुळे इथे स्वस्ताचा मोह नको.

त्याआधी एक करा. एडिटिंग चालू असताना नॅसचा रिसोर्स मॉनिटर उघडा. नेटवर्क 110 एमबीला अडकलेले दिसले तर अडचण वायरची आहे. नेटवर्क रिकामे आणि डिस्क मात्र 100 टक्के दिसल्या, तर तो आकडा मला कळवा, मग पुन्हा हिशेब करू.