शेजारीण म्हणते, आमच्या चर्चच्या गटात ये

प्रश्न: मी पर्वरीला राहते. माहेर कोल्हापूरचं, पण लग्न होऊन गोव्यात आल्याला तीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. शेजारच्या ख्रिस्ती बाई त्यांच्या चर्चमधल्या, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचं काम करतात. ‘दुपारभर घरात बसून काय करतेस, आमच्याबरोबर लोकांच्या घरी चल,’ म्हणून मागे लागल्या आहेत. मला जावंसं वाटतं. पण नवरा म्हणतो, आपल्यात संस्था कमी आहेत का? नणंदेला वेगळीच धास्ती, हळूहळू धर्म बदलायला लावतील. तिथे नेमकं काय करावं लागतं? प्रार्थनेला बसावं लागतं का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर: नणंदेपासून सुरुवात करते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. म्हापशाजवळच्या एका गावात मी अशाच एका गटाबरोबर अकरा वर्षं फिरले. त्याआधी नर्स होते. दर सोमवारी देवळात जाते, तेव्हाही जात होते. या अकरा वर्षांत मला कुणी ‘तू आमच्यात ये’ म्हटलं नाही. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (उत्सवाला) आपल्यातलेही किती जण तेल घेऊन रांगेत उभे असतात, हे तुमच्या नणंदेला ठाऊक असेलच. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं आपणच सांगत आलो आहोत ना?

प्रार्थना असते. सभा तिनेच सुरू होते आणि तिनेच संपते. मी तेवढा वेळ हात जोडून गप्प बसायचे. गटाचा अध्यक्ष कॅथलिक असावा लागतो, पण कामात हात लावायला आपल्यासारख्यांना अडकाठी नसते. तरीही तुमच्या पारिशीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, पद्धत काय आहे, ते शेजारणीला आधी स्पष्ट विचारून घ्या. सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कुणी शंभर टाकले, कुणी काहीच नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. मला ही रीत फार आवडली. आपल्याकडे पाच हजार देणाऱ्याचं नाव फळ्यावर लागतं.

यजमानांच्या प्रश्नावरून आठवलं. ही सोसायटीच मुळी एका टोमण्यातून निघाली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभांत आपल्या धर्माची बाजू मांडायचा. त्याला कुणीतरी विचारलं, जुन्या गोष्टी पुरे, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. पोरगा वरमला, आणि काही मित्र घेऊन गरिबांच्या वस्तीत जायला लागला. कुठल्या घरी जायचं, कसं बोलायचं, हे त्यांना रोझाली रांदू नावाच्या ननने शिकवलं. सोसायटीला नाव मिळालं ते त्यांच्याही दोनशे वर्षं आधीच्या संत व्हिन्सेंटचं. वस्तीत जाऊन घरी भेट द्यायची, हेच या कामाचं मूळ. बाकी सगळं मागाहून आलं.

आणि ही घरची भेटच अवघड असते. माझी पहिली भेट पार फसली होती. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. घर केवढं! पुढे बाल्कांव (बसायचा ओटा), खिडक्यांना शिंपल्यांच्या झडपा, पण मागच्या बाजूची कौलं बसलेली. गोव्यात गरिबी अशी मोठ्या घरातही लपून असते, झोपडी शोधत गेलात तर दिसायची नाही. मी तांदूळ, डाळ, साखर अशी गच्च भरलेली पिशवी घेऊन भरदुपारी अख्ख्या वाड्यादेखत तिच्या दारात उभी. तिने खिडकीतून पाहिलं आणि दार काही उघडलं नाही. माझ्या जोडीदारीण अनुभवी. परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, पुढच्या खेपेला काही आणू नकोस.

पुढच्या आठवड्यात रिकाम्या हातांनी गेलो. ‘यो बाय, बस,’ म्हणाली. बिनदुधाचा चहा दिला. तासभर ती तिच्या डुकरांबद्दल बोलली, जी दहा वर्षांपूर्वीच विकली होती. मी आपली ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझं लक्ष टेबलाकडे गेलं. बशीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि बाजूला दाढीचं ब्लेड. प्रत्येक गोळी मधोमध कापलेली. पाकीट दुप्पट दिवस पुरावं म्हणून. आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात हे तिला माहीत होतं. पण बसथांब्यापर्यंतचा चढ तिला चढवत नव्हता, रिक्षाचे पैसे परवडत नव्हते आणि पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसायचं तिचं वय राहिलं नव्हतं. आम्ही महिन्यातून एकदा तिला घेऊन जायला लागलो. कामाचं म्हणाल तर एवढंच काम. त्या मोठ्या पिशवीने यातलं काहीही झालं नसतं.

तुम्ही बँकेतल्या, म्हणून सांगते. तुमचा उपयोग माझ्यापेक्षा जास्त होईल. आपल्या सरकारची म्हाताऱ्यांना दर महिन्याला पैसे देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तिच्यात हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि का थांबले हे म्हाताऱ्या माणसाला कुणी समजावून सांगत नाही. पासबुक घेऊन ही माणसं दर आठवड्याला बँकेत जाऊन येतात नि ‘अजून जमा झाले नाहीत’ एवढंच ऐकतात. पैसे कधीपासून थांबलेत हे तुम्हाला पासबुकाच्या नोंदी बघून पाच मिनिटांत कळेल. कर्नाटकातून, आपल्या कोल्हापूर-सोलापूरकडून मजुरीला आलेली कुटुंबंही या गटांच्या यादीत असतात. त्यांच्यातल्या मराठी बोलणाऱ्या बायका तुमच्याशी मराठीतून मन मोकळं करतील. आमच्या गटातल्या बाकीच्यांना ते जमत नसे.

एक मात्र पाळा. एकटीने जाऊ नका, दोघी मिळूनच जा, तशी रीतच आहे. स्वतःच्या पर्समधून पैसे काढून देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. काय द्यायचं ते सभेत ठरू दे. मी हे दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा ते घर मला टाळायला लागलं, कारण परत कसे करायचे याची त्यांना लाज. आणि कुणाच्या घरी काय पाहिलं ते नणंदेलासुद्धा सांगू नका. फोटोचं तर नावच नको.

यजमानांना म्हणावं, आपल्याकडच्या संस्थांतही जरूर जाईन, तिथे दुपारी तीन वाजता कुणी माझ्या दाराशी बोलवायला आलं की. हे थोडं लागेल त्यांना, पण खरं आहे.

पहिले तीन महिने फक्त बरोबर जा, बसा, चहा घ्या. साखर वर्ज्य असली तरी पहिल्या दिवशी नाही म्हणू नका. आणि पुढे कधी धान्य न्यायची वेळ आली तर उकडे तांदूळ न्या. मी नेले होते ते सुरय, म्हणजे न उकडलेले. दार उघडलं असतं तरी तिच्या पेजेला ते चालले नसते.