नारळ फोडण्याआधी सातबारा पाहा

आपला प्रश्न वाचला आणि माझीच जुनी वही कोणीतरी समोर उघडून धरल्यासारखे वाटले. 2024 च्या निवडणुकीत पहिल्यांदा विधानसभेवर गेलेल्या, अजून तिशीही न ओलांडलेल्या मित्राचे कार्यालय आपण सांभाळता. आमदार पहाटेपासून फिरतात, लग्न, दहावा, सप्ताह काही चुकवत नाहीत, येईल त्याला शिफारसपत्र देतात, आणि तरीही लोक आता ‘पत्रं पुष्कळ झाली, काम कुठंय?’ असे तोंडावर विचारू लागले आहेत, असे आपण लिहिले आहे. वय कमी असल्यामुळे अधिकारी दाद देत नाहीत, अशी आपली शंका आहे आणि वेळ सभागृहाला द्यावा की मतदारसंघाला, हा प्रश्न आहे. मी एका तरुण आमदारांकडे पूर्ण एक कार्यकाळ स्वीय सहायक म्हणून काम केले. तो मतदारसंघ ग्रामीण होता, त्यामुळे महापालिकेच्या हद्दीतील कामांना माझे म्हणणे जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. शासन निर्णयही अधूनमधून बदलतात, तेव्हा ताजा निर्णय पाहूनच पुढे जावे.

तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी), निविदा आणि कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा आदेश) हे टप्पे आपल्याला पाठ असणार, म्हणून त्यात शिरत नाही. आम्ही कोठे घसरलो तेवढे सांगतो.

आमदार निवडून आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका गावातील मुले कार्यालयात आली. त्यांना स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी अभ्यासिका हवी होती, कारण देवळाच्या ओवरीत रात्री नऊनंतर दिवा मिळत नसे. मागणी रास्त होती, आमदार स्वतः त्याच वयाचे होते, आणि त्यांनी उभ्या-उभ्या स्थानिक विकास निधीतून पंधरा लाखांचे पत्र दिले. जागा ग्रामपंचायतीची आहे असे सरपंचांनी सांगितले व पुरावा म्हणून नमुना 8 चा उतारा जोडला. मी तो पाहिला, शिक्का पाहिला आणि धारिकेत (फाइलमध्ये) लावला. माझी चूक नेमकी येथे झाली. नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यावरून जमिनीची मालकी ठरत नाही. सातबारा मागवण्याचे मला सुचले नाही असे नव्हे, दसरा जवळ आला होता आणि सर्वांना मुहूर्त साधायचा होता. दसऱ्याला मांडव पडला, नारळ फुटला, आमदारांचे नाव कोरलेली काळ्या दगडाची कोनशिला बसली आणि जेवणावळीही झाल्या. त्या दिवशी आमच्या हातात प्रशासकीय मान्यता तर सोडाच, पूर्ण झालेले अंदाजपत्रकही नव्हते.

त्यानंतर प्रस्ताव एका कार्यालयात गेला. त्या कार्यालयाचे नाव मी घेणार नाही. तेथील काही माणसे आजही नोकरीत आहेत. प्रस्ताव पहिल्यांदा परत आला तो अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर (बांधकामाच्या सरकारी दरांच्या यादीवर) असल्याच्या कारणाने. ते सुधारून दिले. महिन्याभराने तो पुन्हा परत आला, कारण ग्रामपंचायतीचे देखभाल-दुरुस्तीचे हमीपत्र नव्हते. तेही दिले. तिसऱ्यांदा ग्रामसभेच्या ठरावाच्या प्रतीवर सूचक-अनुमोदकांची नावे वाचता येत नाहीत अशी त्रुटी निघाली. चौथ्यांदा, म्हणजे नारळ फोडल्याला पाच महिने होऊन गेल्यावर, सातबारा मागितला गेला आणि तो गट गायरान, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन, निघाला. जमीन शासनाची, ग्रामपंचायतीकडे तिची फक्त व्यवस्था. गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिलेल्या निकालानंतर गायरानाचा वापर बदलण्याच्या गोष्टीला कोणताही अधिकारी सहजी हात लावत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही मला वाटत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. चारही त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. एका वेळी एकच त्रुटी काढायची, ती पूर्ण झाली की दुसरी, आणि प्रत्येक वेळी माणसाला चाळीस किलोमीटर हेलपाटा घालायला लावायचा, या पद्धतीने आमचा 31 मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट, हातचा गेला. पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आणखी काही महिने गेले.

अभ्यासिका अखेर झाली, शाळेच्या आवारातील निर्विवाद जागेत, पण पहिल्या पत्रापासून सव्वीस महिन्यांनी. जी मुले मागणी घेऊन आली होती, त्यांतील बहुतेक तोवर पुण्याला खोल्या करून राहिली होती. गायरानातील कोनशिला कोणीतरी उचलून नळकोंडाळ्यापाशी नेली. तिच्यावर कपडे धुतले जात असल्याची चित्रफीत पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी गावोगाव फिरवली. साबणाच्या फेसातून आमदारांचे नाव स्वच्छ वाचता येत होते.

म्हणून माझे मत, थोडे कडक वाटले तरी, असे आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रशासकीय मान्यतेचा आदेश हातात येईपर्यंत भूमिपूजन, फलक आणि समाजमाध्यमावरील अभिनंदनाची चित्रे हे सगळे बंद ठेवावे. सरपंच रुसतील, कार्यकर्ते तर जास्तच रुसतील. रुसू द्यावे. शिफारसपत्र देण्यापूर्वी सातबारा, ठराव आणि हमीपत्र कार्यालयातच तपासावे आणि ज्याचे कागद अपुरे आहेत त्याला पत्राऐवजी अपुऱ्या कागदांची यादी द्यावी. पहिले दोन महिने लोक कुरकुरतील. दिलेल्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असावा आणि त्याच ओळीत पुढे ते सध्या कोणाच्या टेबलावर आहे हे दर आठवड्याला लिहिले जावे. ही वही आम्ही तिसऱ्या वर्षी सुरू केली. पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

स्थानिक विकास निधीचा हिशेबही एकदा आमदारांसमोर मांडून पाहा. वर्षाला 5 कोटी हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण राज्यात 288 मतदारसंघ आहेत आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. म्हणजे एका मतदारामागे वर्षाला साधारण दीडशे रुपये येतात. एवढ्या पैशांत प्रत्येक वाडीला सभामंडप देण्याचा शब्द कोणी देत असेल तर तो स्वतःलाच अडचणीत टाकतो. मतदारसंघातील मोठी कामे राज्याच्या अर्थसंकल्पातून आणि जिल्हा वार्षिक योजनेतून येतात, आणि तेथे पालकमंत्र्यांचे वजन चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथूनच निघते. हाती निधी थोडा असलेल्या पहिल्या खेपेच्या आमदारासाठी सभागृह हीच खरी ताकद आहे. जे काम पत्राने हलत नाही ते तारांकित प्रश्नाने (ज्याला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते) हलते, कारण खात्याला छापील उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर तयार करण्यासाठी धारिका खालून वर फिरते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले तर आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते; आपणही त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत काढून जपून ठेवावी. प्रश्न मात्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, आणि लग्नसराईत हेच राहून जाते. हक्कभंगाची, म्हणजे आमदाराच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याची तक्रार सभागृहात नेण्याची, धमकी अधिकाऱ्यांना ऊठसूट देऊ नये. आम्ही एकदा दिली होती, आणि त्यानंतर त्या तालुक्यात आमचा फोन उचलणारे कोणी उरले नाही.

वयाबद्दल एवढेच की, घटनेने विधानसभेसाठी पंचविशीची अट घातली आहे आणि ती पूर्ण करणाऱ्याला इतरांइतकेच अधिकार दिले आहेत. शरद पवार 1967 मध्ये बारामतीतून निवडून आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. दुसरीकडे, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख यांची ओळख साधी राहणी आणि सभागृहातील अभ्यासू मांडणी यांमुळे झाली. अधिकारी वय पाहतात ते पहिल्या भेटीत. दुसऱ्या भेटीत ते आमदारांनी कागद वाचला आहे की नाही हे पाहतात.

लग्ने आणि दहावे बंद करा असे मी म्हणणार नाही. दहाव्याला जरूर जावे, तेथे माणूस लक्षात ठेवतो. लग्नांना मात्र आम्ही चौथ्या वर्षापासून आठवड्यातील दोनच संध्याकाळी दिल्या, उरलेल्या ठिकाणी आमदारांच्या आई किंवा बंधू जाऊ लागले, आणि त्याबद्दल कोणी नाराज झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाताना अडकलेल्या दहाच कामांच्या, प्रत्येकी एका पानाच्या टिपणासह, तीन-तीन प्रती सोबत ठेवा. मंत्री, सचिव आणि खात्यांचे वरिष्ठ त्या दिवसांत एकाच आवारात असतात, आणि मुंबईत ज्या सहीसाठी दोन फेऱ्या होतात ती तेथे कधीकधी जिन्यात मिळते. पन्नास कामांचे गाठोडे नेऊ नका. आम्ही नेले होते, आणि ते जसेच्या तसे परत आणले.