कातळातला हिरवा डाग आणि तांबं : वाचकांचे प्रश्न

राजगडच्या वाटेवर कातळात हिरवे ठिपके दिसले. मित्र म्हणतो, तांबं आहे. खरं का? (पुणे)

मित्राचा तर्क अगदीच वेडगळ नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, देवघरातल्या तांब्याच्या कडेला हिरवं पुट चढतं. डोंगरातही तांब्याच्या खनिजाला हवापाणी लागलं की हिरवं मॅलेकाइट तयार होतं. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळात दिसणारं हिरवं बहुधा सेलाडोनाइट असतं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले; त्या पोकळ्यांना पुढे या मातकट, मऊ खनिजाचं अस्तर लागलं. हे अभ्रकाच्या कुळातलं, आणि त्याचा हिरवेपणा लोखंडाचा.

ओढ्यातला सुटा तुकडा मिळाला तर घरी पारख करता येते. चिमूटभर पूड काचेच्या बाटलीत व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी काचकागदाने लख्ख घासलेला लोखंडी खिळा त्यात सोडा. मॅलेकाइट असेल तर पाणी निळसर-हिरवं झालेलं असतं आणि खिळ्यावर तांबूस लेप चढू लागतो. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी तो लेप चढताना अजून मजा वाटते. नुसत्या बुडबुड्यांनी मात्र हुरळू नका. कॅल्साइटही फसफसतं, आणि ते आपल्याकडे पैशाला पासरी. ती बाटली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि गडाचा कातळ फोडू नका, हे सांगायला लागू नये.

मग सह्याद्रीत तांबं अजिबातच नाही का? (नाशिक)

आहे की, पण विखुरलेलं. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट; त्यात टनामागे साधारण 100 ते 200 ग्रॅम तांबं असतं. खाण परवडायला टनामागे काही किलो तरी लागतं. म्हणजे कुणीतरी ते गोळा करून एका जागी आणायला हवं, आणि निसर्गात हे काम करतं गरम पाणी. अमेरिकेत लेक सुपीरियरच्या काठी, सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमध्ये अशा पाण्याने शुद्ध तांब्याचे गठ्ठे साठवले. आपल्या 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हामध्येही पाणी फिरलं, पण त्याने पोकळ्या भरल्या त्या मुख्यतः झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीने. तांब्याचा एखादा कण कुठे सापडतो, तो संग्राहकाच्या कपाटापुरता.

महाराष्ट्रातलं तांबं शोधायचं तर विदर्भातल्या जुन्या खडकांत. चंद्रपूर जिल्ह्यातलं ठाणेवासना आणि नागपूर जिल्ह्यातलं पुलर-परसोडी ही त्यातली माहितीतली नावं.

माझे मामा मलाजखंडच्या खाणीत होते. ते सांगतात, वर हिरवा-निळा दगड आणि खाली सोनेरी. एकाच डोंगरात असं कसं? (गोंदिया)

मामांनी नेमकं पाहिलंय. बालाघाट जिल्ह्यातली ही खाण ग्रॅनाइटमधल्या गारगोटीच्या जाड पट्ट्यावर आहे. पट्टा सुमारे दोन किलोमीटर लांब, धनुष्यासारखा वाकलेला, आणि वय जवळपास 250 कोटी वर्षं. मूळ खनिज कॅल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक. हे मामांचं सोनेरी.

त्याला वरून पावसाचं पाणी आणि हवा मिळाली की गंधकाचं आम्ल होतं. तांबं विरघळतं, तेही मोरचुदाच्या रूपात! त्यातलं काही वरच अडकतं आणि हिरवं मॅलेकाइट, निळं अॅझुराइट होतं. लोखंडाचा गंज तिथेच तपकिरी टोपीसारखा उरतो. बाकीचं तांबं पाझरत खाली जातं आणि भूजलाच्या पातळीपाशी पुन्हा साचतं, काळपट कॅल्कोसाइटच्या रूपात. मामांना विचारा, मधला काळा थर आठवतो का. कॅल्कोपायराइटमध्ये वजनाने 35 टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, कॅल्कोसाइटमध्ये जवळजवळ 80. दिसायला सर्वांत गबाळा तोच.

कॅल्कोपायराइट आणि सोनं ओळखायचं कसं? (ठाणे)

टाइलच्या खरखरीत पाठीवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, कॅल्कोपायराइटची हिरवट काळी. सुईने टोचलं तर सोनं दबतं, हे भुगा होतं.

अशी खनिजं डोंगरातच का सापडतात? (सांगली)

सपाटीवरही असतात, पण मातीखाली झाकलेली. डोंगरात खडक उघडा पडतो म्हणून नजरेला येतात. मलाजखंडला तर डोंगर उभा राहिला तोच गारगोटीमुळे. भोवतीचा ग्रॅनाइट झिजला, गारगोटी टिकली. 1982 पासून हिंदुस्तान कॉपरने तिथे उत्पादन सुरू केलं. त्या डोंगराच्या जागी आता पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा आहे.