धवलारिणींच्या गाण्यांवर संशोधन: पुढे काय?

सप्रेम नमस्कार.

आपले घणसोलीहून आलेले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालयाच्या फील्ड प्रोजेक्टसाठी तिने आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणाऱ्या धवलारिणींचा विषय निवडला आहे, आपल्या आत्या स्वतः धवलारीण असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी ती मोबाइल घेऊन त्यांच्याच मागे असते आणि आता तिला याच वाटेने पुढे एम.ए., पीएच.डी. करायची आहे, असे आपण लिहिता. ‘गाणी गोळा करून पोट भरणार आहे का?’ हा आपला पहिला प्रश्न. हे सोडून तिने एमपीएससीची तयारी धरावी का, हा दुसरा. तिसरा आपण पत्राच्या शेवटी जाता जाता विचारला आहे: एका परिषदेच्या आयोजकांनी चार हजार रुपये भरल्यास तिचा शोधनिबंध ‘यूजीसीमान्य आंतरराष्ट्रीय जर्नल’मध्ये छापून देऊ असे कळवले आहे आणि मुदत याच महिन्यात संपते, तर पैसे भरावेत का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मुदत त्यालाच आहे. पैसे भरू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) जर्नलांची जी ‘केअर’ यादी होती, ती आयोगानेच २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली. त्यामुळे जाहिरातीत ‘यूजीसीमान्य’ असे छापण्याला आता काहीच अर्थ उरलेला नाही. एम.ए.च्या प्रवेशासाठी छापील शोधनिबंधाची अट नसते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही सक्तीदेखील आयोगाच्या २०२२ च्या नियमांतून काढून टाकण्यात आली. जो मजकूर कोणी तपासत नाही, दुरुस्त करायला सांगत नाही आणि आठवड्याभरात छापून येतो, तो पुढे एखाद्या जाणत्या परीक्षकाच्या हाती पडला तर मुलीची बाजू बळकट होण्याऐवजी लंगडीच पडते. त्याऐवजी महाराष्ट्रातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते, तिच्यात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला असा स्वतंत्र गट आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना वेगळा स्तर आहे. तेथे परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला छापील पानापेक्षा त्या प्रश्नांचा उपयोग अधिक आहे.

आता विषयाकडे वळते. आपल्या पत्रात या विषयाबद्दल थोडा संकोच दिसतो, जणू मुलीने घरातलीच एक साधी गोष्ट उचलून तिला अभ्यास असे नाव दिले आहे. माझे मत नेमके उलट आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्याच बायकांच्या मदतीने गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहातील पुष्कळ ओव्या आज ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर, काही ध्वनिमुद्रणांसह, कोणालाही वाचता-ऐकता येतात. त्याआधी डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत असेच काम केले. म्हणजे आपल्या मुलीने जी वाट धरली आहे तिला महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे.

विषय चांगला असला तरी तो मांडण्यात मात्र घोटाळा होऊ शकतो, आणि पत्रासोबत आपण पाठवलेल्या तिच्या प्रकल्पाच्या शीर्षकात तो झालेला दिसतो. ‘आगरी लोकगीते: एक अभ्यास’ या शीर्षकाखाली काहीही मावते, म्हणून त्यातून काहीही हाती लागत नाही. तिने एकच गावठाण घ्यावे, त्यातली ओळखीची मोजकी कुटुंबे घ्यावीत आणि त्या कुटुंबांत तीन पिढ्यांच्या लग्नांत धवलारीण कधी बोलावली, कोणत्या विधीला बोलावली, तिला मानपान काय दिला आणि कोणत्या लग्नापासून तिला बोलावणे थांबले किंवा कमी झाले, एवढेच विचारावे. प्रश्न लहान वाटेल, पण त्याचे उत्तर तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसेल. आजच्या हळदीत डीजे दणदणत असताना धवलारिणीसाठी तो कोण थांबवतो, किती वेळ थांबवतो आणि थांबवला नाही तर घरातले कोण नाराज होते, हे पाहिले की त्या घरात कोणाचा शब्द चालतो तेही कळते. समाजशास्त्राला लागते ते हेच.

पुराव्यासाठी तिला फार लांब जावे लागणार नाही. लग्नपत्रिका, फोटोंचे अल्बम आणि माळ्यावर पडलेल्या व्हिडिओ कॅसेटी यांना घरचे लोक अडगळ समजतात. संशोधकाला मात्र हीच अडगळ कागदपत्रांइतकी मोलाची असते. एक गोष्ट तिने मुद्दाम तपासावी. जुन्या लग्नाच्या कॅसेटींत शूटिंगवाल्याने संकलन करताना मूळ आवाज काढून वर सिनेमाचे गाणे घातलेले पुष्कळदा आढळते. पडद्यावर बायका मांडवात गात असतात, त्यांचे ओठ हलत असतात आणि ऐकू मात्र वेगळेच गाणे येते. अशी कॅसेट सापडली तर ती आत्यांना दाखवावी आणि त्या क्षणी कोणता धवला चालू असेल ते विचारावे. चालू असलेल्या विधीवरून आत्या ते पुष्कळदा ओळखतील, आणि ती ओळख हाच प्रकल्पाचा सर्वांत भक्कम भाग ठरू शकेल.

घरचीच व्यक्ती असल्याचा फायदा आहे तसा तोटाही आहे. परक्या माणसाला आत्या सगळे पहिल्यापासून समजावून सांगतील. नातीला मात्र ‘तुला ठाऊकच आहे की’ म्हणून निम्मे सांगणार नाहीत. म्हणून तिने निदान एकदा दुसऱ्या गावच्या, नात्यात नसलेल्या धवलारिणीकडे बसावे. दिवाळे, करावे किंवा पलीकडे पनवेल-उरण पट्ट्यात चौकशी केली तर कोणी ना कोणी नाव सुचवेल. गाणे उतरवताना आगरी बोलीचे रूप जसे ऐकू आले तसेच लिहावे, ‘शुद्ध’ करू नये. हुशार विद्यार्थ्यांकडून ही चूक हटकून होते, कारण शाळेत त्यांना तेच शिकवलेले असते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नमुने ध्वनिमुद्रणांसह नोंदवून खुले केले आहेत. बोलणे कागदावर कसे उतरवतात हे तेथे पाहता येईल. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत तारीख, जागा, प्रसंग आणि हजर असलेल्यांची नोंद हवी. आणि आत्या घरच्या असल्या तरी त्यांची परवानगी गृहीत धरू नये. गाणे वर्गात ऐकवणे, स्पर्धेत ऐकवणे आणि यूट्यूबवर टाकणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीसाठी वेगळे विचारावे लागते.

वाचनासाठी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जे १८९३ पासून चालू आहे. घणसोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे स्टेशन गाठले की काम होते. १८८२ चे ठाणे जिल्हा गॅझेटियर तिने अवश्य चाळावे, कारण त्या काळच्या जातीजमातींचे, मिठागरांचे आणि भातशेतीचे वर्णन त्यात आहे. मात्र ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेले आहे हे विसरून त्यातली वाक्ये प्रमाण म्हणून उद्धृत करू नयेत. दुसरीही एक काळजी घ्यावी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, जमिनी गेल्या, १९८४ मध्ये त्यांच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, त्यात माणसे गेली, पुढे जमीन गेलेल्यांना भूखंड परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली; हा इतिहास आपल्या गावांत इतका ताजा आहे की प्रत्येक बदलाचे कारण तेथेच शोधण्याचा मोह होतो. अंगणातला मांडव हॉलमध्ये गेला तो जमीन गेल्यामुळे, हातात पैसा आल्यामुळे की घरची मुले नोकरीला लागल्यामुळे, हे कुटुंबागणिक वेगळे असू शकते. तिने तारखा विचाराव्यात आणि मग बोलावे.

आता पोटाचा प्रश्न. संशोधन करून अनुदानित महाविद्यालयात कायम प्राध्यापकाची नोकरी मिळेल, या एकाच आशेवर हा मार्ग धरू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. पदभरती वर्षानुवर्षे रखडते आणि नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवत राहतात. ही वस्तुस्थिती आपल्यापासून लपवून काही साधणार नाही. परंतु वाट तेवढी एकच नाही. मुलाखत घेणे, लोकांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत उतरवणे आणि त्यातून अर्थ काढून अहवाल लिहिणे, या कामाला सामाजिक संस्था, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) प्रकल्पांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था, बाजारसंशोधन, पत्रकारिता, माहितीपट, संग्रहालये आणि अभिलेखागारे येथे मागणी आहे. सुरुवातीचा पगार फार नसतो. इंग्रजीत अहवाल लिहिता आला तर तो लवकर वाढतो. म्हणून तिने याच प्रकल्पाचा गोषवारा मराठीबरोबर इंग्रजीतही लिहावा. हा सल्ला कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या सांगण्यात सर्वांत कामाचा तोच आहे.

शिक्षणाच्या बाबतीत तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करावे, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष संशोधनासह ‘ऑनर्स’ करून त्यानंतर एका वर्षाचे एम.ए. करावे. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात आणि तिच्या महाविद्यालयात त्याची सोय आहे का, हे आताच विचारून घ्यावे लागेल. सोय नसेल तर त्यासाठी महाविद्यालय बदलण्याची धावपळ करू नये. पहिला रस्ता उत्तम आहे. एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे, जो १९१९ मध्ये सुरू झाला. कालिना येथेच लोककला अकादमीही आहे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था वाशीला गाडी बदलून गोवंडीला उतरले की जवळ आहे. तेथील प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरील सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

एम.ए.च्या अखेरीस नेट द्यावी. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात; घरभाडे भत्ता त्याशिवाय. आगरी समाज राज्यात इतर मागास प्रवर्गात मोडतो, त्यामुळे पीएच.डी.साठी ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीलाही ती अर्ज करू शकेल. ही छात्रवृत्ती किंवा अधिछात्रवृत्ती मिळाल्याशिवाय मात्र पीएच.डी.ला नाव घालू नये, असे माझे मत आहे. घरच्या पैशावर पाच-सहा वर्षे काढलेली पीएच.डी. पुष्कळदा पुरी होत नाही आणि घरात कटुता तेवढी राहते.

एमपीएससी आणि हा अभ्यास यांत आपण समजता तेवढे वैर नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तिच्यात वैकल्पिक विषय घ्यावा लागतो; समाजशास्त्र त्यांपैकी एक आहे. दहा-बारा पाने सलग, मुद्देसूद लिहिण्याची सवय ज्या मुलीला प्रकल्पातून लागली आहे, ती त्या परीक्षेत मागे राहत नाही. तरीही आत्ता दुसऱ्या वर्षात तिला क्लासला घालू नये. एम.ए.चे पहिले वर्ष संपेपर्यंत थांबावे, तोवर तिचा कल तिलाच कळेल. तिने परीक्षा द्यायची ठरवली तर किती प्रयत्न आणि किती वर्षे, हे तिच्याशी आधीच बोलून ठरवावे.

आपल्याकडून या वर्षी दोनच कामे व्हावीत. तिचे जातीचे आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी तहसील कार्यालयात रांगा लागतात आणि नॉन-क्रीमीलेअरची मुदतही पाहावी लागते. दुसरे काम आपल्यालाच जमेल असे आहे: भावकीतल्या ज्या घरांत जुन्या कॅसेटी आणि अल्बम आहेत, तेथे मुलीसोबत एकदा आपण जावे. वडील सोबत आले तर मंडळी कपाट उघडतात, हा गावातला अनुभव आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आहे.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. त्याआधी तिने आपला प्रश्न, निवडलेली कुटुंबे आणि आत्यांना विचारायच्या गोष्टी दोन पानांत लिहून मार्गदर्शक प्राध्यापकांना दाखवाव्यात. त्या टिपणाची एक प्रत माझ्याकडे पाठवल्यास कोणता विभाग आणि कोणता अभ्यासक्रम तिच्या विषयाला जवळचा आहे, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

आपली,
करिअर मार्गदर्शक, ठाणे