पॉइंटसाठी ८५ डॉलर मोजावेत का?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गेल्या महिन्यात २८० हायवेवर ताशी ६५ मैलांच्या मर्यादेत ८३ने जाताना पोलिसाने मला थांबवलं. चूक माझीच होती. दंड साधारण ३६५ डॉलर आहे. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स, करायचं तर कोर्टाची फी आणि कोर्स मिळून वर ८५ डॉलर जातील. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा भाऊ म्हणतो, कोर्स कर, पॉइंट (नियम मोडल्याबद्दल ड्रायव्हिंग रेकॉर्डवर लागणारे गुण) जातील आणि इन्शुरन्सही स्वस्त होईल. बायकोचं म्हणणं, पहिलंच तिकीट (दंडाची पावती) आहे, कोर्सची ही सवलत पुढच्या वेळेसाठी ठेव. काय करू?

उत्तर: कोर्स करा, आणि याच तिकिटावर करा.

आधी भावाचं बघू. तो म्हणतो ते त्याच्या राज्यात खरं आहे. न्यू जर्सीत डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की दोन पॉइंट कमी होतात आणि प्रीमियममध्ये सूटही मिळते. कॅलिफोर्नियात तुमच्या कोर्सवर कुठलीही सूट नाही, आणि दंडाचा एक डॉलरही माफ होत नाही, तो पूर्ण भरावाच लागतो. मिळतं ते एवढंच, की नोंद गोपनीय राहते. ती डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन आणि लायसन्स खात्याकडे, असते, पण तिचा पॉइंट धरला जात नाही आणि इन्शुरन्स कंपनीला ती दिसत नाही. कोर्स केला नाहीत, तर हा एक पॉइंट तीन वर्षं रेकॉर्डवर राहील.

आता त्या ८५ डॉलरचा हिशोब. तीन वर्षांत विभागले तर वर्षाला साधारण २८ डॉलर. म्हणजे या पॉइंटमुळे तुमचा प्रीमियम वर्षाला तीस डॉलरने जरी वाढला, तरी कोर्सचे पैसे वसूल. तुमच्या राज्यात प्रीमियम ठरवताना ड्रायव्हिंग रेकॉर्डला कायद्यानेच सर्वांत जास्त वजन आहे, त्यामुळे वाढ तेवढ्यावरच थांबेल असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्नीचा मुद्दा मात्र नीट तपासण्यासारखा आहे. कोर्सची सवलत १८ महिन्यांत एकदाच मिळते, आणि हे महिने तिकिटाच्या तारखेपासून मोजतात. शिवाय एका पॉइंटने प्रीमियमवरची ‘गुड ड्रायव्हर’ची किमान २० टक्के सूट जात नाही, तीन वर्षांत दुसरा पॉइंट आला की जाते. मग पहिला पॉइंट सोसावा आणि कोर्स दुसऱ्यासाठी ठेवावा, असं वाटणं साहजिक आहे. पण समजा, वर्षभरात दुसरं तिकीट आलंच. कोर्स आत्ता केलेला असो वा तेव्हा करा, रेकॉर्डवर दिसणार एकच पॉइंट. आणि तिकीट आलंच नाही, तर सवलत राखून ठेवणाऱ्याने तीन वर्षांची प्रीमियमवाढ उगाच भरलेली असेल. शिवाय पुढचं तिकीट कोर्सला पात्र असेलच असं नाही: मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त वेग असेल तर कोर्टाचा क्लार्क परवानगी देऊ शकत नाही, न्यायाधीशांकडे जावं लागतं. शंभरच्या वर गेलात तर एकदम दोन पॉइंट. आज तुम्ही १८ने वर आहात, म्हणजे सरळ पात्र आहात. पॉलिसी घरची एकच असेल, तर वाढीचा भार दोघांच्या खिशावर पडणार, हेही त्यांना सांगा.

एक काळजी जरूर घ्या. कोर्टाने दिलेल्या मुदतीत कोर्स पूर्ण झाला नाही, तर फी गेली आणि पॉइंटही लागला. मी पाहिलेल्या बहुतेक नुकसानीचं कारण हेच, लोक पैसे भरून कोर्स ‘पुढच्या वीकेंडला’ ढकलत राहतात. तेव्हा पैसे भराल त्याच आठवड्यात तो संपवून टाका. शाळा डीएमव्हीच्या परवानाधारक यादीतूनच निवडा. स्वस्त आणि महाग कोर्समध्ये रेकॉर्डच्या दृष्टीने काही फरक नाही. पूर्ण झाल्याचा पुरावा जपून ठेवा, आणि पॉलिसीच्या रिन्यूअलच्या महिनाभर आधी डीएमव्हीच्या साइटवरून आपलं रेकॉर्ड काढून बघा, दोनेक डॉलरचं काम आहे. पॉइंट दिसला तर तो पुरावा घेऊन लगेच कोर्टाच्या क्लार्ककडे जा, रिन्यूअलचं बिल येण्याआधी.