जीपचा पत्रा नंतर, आधी पॉलिसी

ऐरोलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 39, घरकर्ज 46 लाख, दोन मुलं. जुनी महिंद्रा एमएम 540 घेतलीय, फ्लोअरचा पत्रा पार कुजलाय. रबाळ्याचा फॅब्रिकेटर 1 लाख 30 हजार मागतो. ‘त्यापेक्षा मिग वेल्डिंग मशीन घेऊन मीच करू का? तयार जीप सहा लाखांना सहज जाईल. पैशांची चिंता नाही, दोन वर्षांनी पॉलिसीचे दुप्पट येतायत. यंदाचा हप्ता पर्सनल लोन काढून भरला.’

मशीनचं आधी उरकतो. मशीन, गॅस सिलिंडर, ग्राइंडर, पत्रा, प्रायमर मिळून 65 हजार धरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठिणग्या कोण उडवू देणार? म्हणजे गाळा आला, महिना आठ हजार. फक्त रविवारी काम, तेव्हा आठ महिने. एकूण 1 लाख 29 हजार. वाचले हजार रुपये! त्यात नवशिका एका दमात लांब वेल्ड ओढतो आणि 18 गेजचा पत्रा पापडासारखा वाकतो. जागा बदलत, गार होऊ देत टाके मारायचे असतात. हौस म्हणून जरूर करा, पण सहा लाख विसरा. इंजिन किंवा बॉडी बदलून गाडी आरसीशी जुळली नाही तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रासोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, ते बरं केलंत. कोपऱ्यात बँकेतल्या कुणीतरी पेनाने ‘5 वर्षं, डबल’ लिहून गोल केलाय. छापलंय ते वेगळंच: हप्ता 1 लाख 20 हजार, दहा वर्षं भरायचा, मुदत 20 वर्षं, विमा 12 लाख. कंपनी छापलेलं पाळते, पेनाचं नाही.

दुप्पट झाले असं समजू. पहिला हप्ता 20 वर्षं अडकतो, दहावा 11; म्हणजे तुमचे पैसे सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षं अडकतात. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की वर्षाचा व्याजदर साधारण कळतो: पावणेपाच टक्के. पीपीएफ 7.1 देतंय. आणि तुम्ही 14 टक्क्यांचं कर्ज काढून यात हप्ता भरलात! हे वाचून मी चहा बाजूला ठेवला.

तीन हप्त्यांचे 3 लाख 60 हजार गेलेत. सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधी मोडलीत, तर साधारण तिसरा हिस्सा, सव्वा लाखाच्या आसपास मिळेल. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. पेड-अप ठेवलीत, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच राहू दिलीत, तर 17 वर्षांनी 3 लाख 60 हजार आणि जमलेला बोनस. आजच्या सव्वा लाखावर हे बोनस सोडून साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेर, आणि दुप्पटच्या हिशोबाने बोनस धरला तर नऊच्या आसपास. डोक्यावर 14 टक्क्यांचं कर्ज असताना याचा मोह नको. सरेंडर करा, त्या पैशांतून पर्सनल लोन फेडा. उरलेले सात हप्ते, 8 लाख 40 हजार, वाचतील.

पण क्रम उलटा करू नका. आधी दीड कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे नुसता विमा, परतावा नाही. वैद्यकीय तपासणी होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही. 46 लाखांच्या कर्जामागे 12 लाखांचा विमा आहे तुमचा. ऑफिसचं कव्हर नोकरीबरोबर जातं.

जीपचं म्हणाल तर फ्लोअरचं वेल्डिंग फॅब्रिकेटरला द्या. गंज घासणं, प्रायमर, रंग तुम्ही घ्या. तरीही हात शिवशिवत असतील तर भंगारातल्या पत्र्यावर चार रविवार टाके मारा. जीपला हात लावाल तेव्हा डिझेलची टाकी उतरवून आणि बॅटरीच्या वायरी काढून.